नातेवाईक नसलेले दोन इसम

मलकापूरच्या बाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बाभळी आहेत. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले की त्यांच्या काट्यांना कापूस लोंबायला लागतो. खेड्यांतून भरून येणाऱ्या बैलबंड्या, आणि आता ट्रकही, त्या फांद्यांना घासून जातात आणि जाताना थोडाथोडा कापूस तिथं ठेवून जातात. मी रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जातो. काठीनं एखादा पुंजका काढतो, सरकी चाचपतो आणि यंदाचा धागा कसा आहे यावर स्वतःशीच मत देतो. माझं मत कुणी विचारलेलं नसतं. पेन्शनीतल्या माणसाची मतं अशीच असतात.

यंदा याच दिवसांत माझी नात वैशाली एक छापील कागद घेऊन माझ्यासमोर बसली. तिला नोकरी हवी आहे. तिनं टायपिंगच्या क्लासमधून आपला बायोडाटा छान टंकून आणलाय, आणि तो कसा लिहावा याचं एक पुस्तकही तिच्याकडे आहे. तिनं मला समजावून सांगितलं, ‘‘आजोबा, आपल्यात जे चांगलं असेल ते पहिल्यांदा लिहायचं. ठळक लिहायचं. लाजायचं नाही.’’ मी मान हलवली. मग तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. अर्जदारास चांगले ओळखणाऱ्या, परंतु नातेवाईक नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे. ‘‘इथं कुणाची घालू?’’

मी म्हटलं, उद्या सांगतो. ती गेली. मी तो रकाना पुन्हा वाचला. एवढ्या वर्षांत राज्यं बदलली, प्रांत बदलले, पण तो रकाना जसाच्या तसा आहे. फक्त आमच्या वेळी ‘व्यक्ती’च्या जागी ‘इसम’ होतं.

कापसाच्या हंगामाचं आणि अर्जांचं माझ्यापुरतं तेव्हापासून जुळलंय. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी पहिल्या वेचणीपासून फरदड, म्हणजे झाडावरचा अगदी शेवटचा कापूस, निघेपर्यंत मी अर्ज लिहीत होतो. पिंपळगाव राजापासून दोन कोसांवर आमचं शंभर उंबऱ्यांचं गाव. बरी काळी जमीन, विहिरीवर थोडी वांगी-मिरची, बाकी सगळी कापसाची पऱ्हाटी. पहिल्या वेचणीच्या दिवशी माय शेतात सीतादही करायची. कापसाच्या एका झाडाखाली दहीभात ठेवायचा, चार बोंडांचा कापूस काढून त्याच झाडाला वाहायचा, मग बायांनी ओट्या बांधून ओळी धरायच्या. त्या सकाळी मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसून गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर फुलस्केप ठेवून पहिला अर्ज लिहीत होतो. दव पडलेलं. शाई कागदावर पसरली आणि माझ्या नावाला मिशा फुटल्या. मायनं तो कागद चुलीत घातला नाही. शुभ कामाचा पहिला कागद आहे म्हणून पुढं किती दिवस पेटीत जपला होता.

त्या वेळचा अर्ज इंग्रजीत. सुरुवात ‘आय बेग टू स्टेट’नं करायची. बेग म्हणजे भीक मागणे, हे मी शब्दकोशात बघून ठेवलेलं. शेवटी ‘युअर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट’. म्हणजे नोकरी मिळण्याआधीच मी नोकर, तोही अत्यंत आज्ञाधारक. मधल्या जागेत स्वतःविषयी लिहायचं, आणि तिथं माझी पंचाईत व्हायची. दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास, अक्षर चांगलं, पुढं काय? ‘इतर पात्रता’ या रकान्यापुढं मी दोन दिवस बसलो आणि ‘पोहता येते’ असं लिहून खोडलं. वैशालीचं पुस्तक तेव्हा असतं तर मी ते ठळक लिहिलं असतं.

रेल्वेला लिहिलं, कापसाच्या प्रेसला लिहिलं, शाळाखात्याला लिहिलं. उत्तर कुठूनच येत नव्हतं. मंगळवारी डाकवाला यायचा. तो वेशीतून दिसला की दादा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम थांबवायचे. तो आमच्या घरावरून सरळ पुढं गेला की पुन्हा काम धरायचे, आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. नोकरी मागणाऱ्याला आपल्याकडे उमेदवार म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्यानं उमेद धरून बसलेल्या माणसाच्या घरात एक मंगळवार काढलेला नसावा.

दादांना माझ्यासाठी एकच गोष्ट हवी होती, सावलीतली नोकरी. कापसाच्या रानात झाड नसतं. पाठ उन्हात भाजत चाळीस वर्षं काढलेला माणूस तो. पण ते कधी ‘माझ्या पोराला’ असं म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, ‘‘गंगूच्या पोराले सावलीत बसू दे म्हंजे झालं.’’

हे गंगूचं पोरगं म्हणजे मीच. माझ्याआधी मायची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. मी जन्मलो तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की याला आपलं म्हणायचंच नाही. पाचवीला मला सुपात घालून शेजारच्या गंगूमावशीच्या पायाशी ठेवलं. तिनं ओंजळभर कोंडा देऊन मला विकत घेतलं आणि ‘घे बाई, माहा पोरगा सांभाळ’ म्हणत मायच्या मांडीवर परत ठेवलं. म्हणून नाव कोंडू. सटवाई पुन्हा आली तर तिनं सगळ्या गावाला विचारावं, मी सखारामाच्या, म्हणजे दादांच्या, घरचा नाहीच. हे नाटक माझं लग्न होईपर्यंत चालवायचं असं माय-दादांनी देवीसमोर बोलून ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या घरात माझं कौतुक कधी झालं नाही. मॅट्रिक पास झाल्याचं कळलं तेव्हा दादा ओट्यावर बसलेल्या माणसांना म्हणाले, ‘‘गंगूचं पोट्टं पास झालं म्हनते.’’ माय आत गेली आणि मला तीट लावून आली. मी अठरा वर्षांचा होतो. मिशी फुटलेल्या माणसाच्या गालावर काजळाचा ठिपका, आणि तो मी पुसलाही नाही.

इथवर सगळं ठीकच होतं. गोंधळ झाला तो मी शाळेत गेलो त्या दिवशी. मला शाळेत घालायला गंगूमावशीच घेऊन गेली. विकत घेतलेल्या मुलाचं शुभकाम मालकिणीनं करायचं, असा तिचा हट्ट. मास्तरांनी रजिस्टर उघडून विचारलं, ‘‘कोणाचा पोरगा?’’

‘‘माहा,’’ मावशी म्हणाली. नवीनच बदलून आलेले मास्तर, त्यांना काय ठाऊक.

‘‘बापाचं नाव?’’

इथं मावशीची जीभ अडली. मास्तर तिच्या नवऱ्याचं नाव विचारत होते, आणि बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मास्तरांनी दोनदा विचारलं. शेवटी मावशीनं पदर तोंडाला लावला आणि नाकाला, नथ घालतात तिथं, बोट लावलं. मास्तर हसले. ‘‘नथ्थू काय?’’ मावशी लाजून मान हलवून मोकळी झाली. रजिस्टरात चढलं, कोंडू वल्द नथ्थू. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. वऱ्हाडातल्या कागदांवर तेव्हा हाच शब्द चालायचा. आडनाव दोन्ही घरांचं एकच, निम्मं गावच त्या आडनावाचं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत ते खुपलं नाही. मला अजून राहून राहून वाटतं, मास्तरांनी दादांचं नाव विचारलं असतं तर मावशीनं ते खणखणीत सांगितलं असतं. ते काही तिचा नवरा नव्हते.

लहानपणी याची मला गंमत वाटायची. आमचा मुलूखही तसाच होता म्हणा. नावाला निजामाचा, सांभाळ इंग्रजाचा, आणि बांधून दिलेला मध्यप्रांताच्या दावणीला. वऱ्हाड कुणाचा म्हणून सुगीवरच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं आभाळाकडे बघितलं असतं. अख्ख्या मुलखाचा वल्द कागदावर एक आणि घरात दुसरा असू शकतो, तर माझं काय एवढं. मी आठ वर्षांचा असताना नथ्थूकाका वारले. तेव्हापासून मी शाळेच्या कागदावर बिनबापाचा झालो आणि रोज संध्याकाळी दादांच्या ताटाशेजारी बसून जेवत राहिलो.

पौष लागायच्या सुमाराला तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. मथळ्यावर मध्यप्रांत व वऱ्हाड सरकार असं छापलेला लांबलचक फॉर्म. मुदत पंधरा दिवसांची. दाखल्यावर जे असेल तेच भरावे, खोटे आढळल्यास अर्ज रद्द. दाखल्यावरचं बापाचं नाव बदलून घ्यायला मी हायस्कुलात धावलो. हेडमास्तरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘गावच्या शाळेतून अर्ज येईल, मग तो इन्स्पेक्टरांकडे जाईल, मग चौकशी. सहा महिने कुठं गेले नाहीत. आणि चौकशीत विचारतील की या मुलाला दोन बाप कसे? तू आधी नोकरी धर. बाप मागाहून दुरुस्त करता येईल.’’

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहाही पाजला.

मावशीला कळलं तेव्हा ती आमच्या दारात येऊन बसली. ‘‘मी काय करू रे बापा? माह्या तोंडातून त्याईचं नाव निंगते काय? मले वाटलं मास्तर सोताच लिहून घेईन.’’ मायनं तिला पाणी दिलं. माय तिच्यावर एकदाही रागावली नाही. तिच्या हिशेबी मी जगलो होतो आणि जगलो होतो तो मावशीमुळे.

मी ओसरीवर फॉर्म मांडून बसलो. दादा समोर अंबाडीचा दोर वळत होते. मी एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा, मग भरायचा. गाव, तालुका, वय. चौथ्या रकान्याशी माझा टाक थांबला.

‘‘लिव ना,’’ दादा म्हणाले.

‘‘काय लिहू?’’

‘‘दाखल्यावर हाय तेच. नथ्थू भला मानूस होता.’’

मी लिहिलं. कै. नथ्थू. दोर वळण्याचा आवाज थांबला नाही, मला तर वाटलं जरा वाढलाच. मी पुढचे रकाने भरत गेलो आणि तळाशी आलो. उमेदवारास चांगले ओळखणारे, नातेवाईक नसलेले, दोन प्रतिष्ठित इसम. एक हेडमास्तर झाले. दुसरा कोण? पाटलांशी आमचं पाटाच्या पाण्यावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, चौकशीची लचांडं नकोत. गावात आणखी सारा भरणारा, पंचात बसणारा, सही करणारा माणूस शोधायचा तर कुठून?

‘‘माहं नाव घाल,’’ दादा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. ‘‘दादा, नातेवाईक नको म्हणून लिहिलंय.’’

‘‘मंग? कागदावर मी तुहा कोन लागतो?’’

हे ते रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले, बैल बदलायचा असला की म्हणतात तसं. ‘‘सारा मी भरतो. पंचात मी बसतो. सही मले येते. इसम हाय का नाई मी?’’

‘‘आहात,’’ मी म्हटलं.

‘‘मंग घाल.’’

मी टाक दौतीत बुडवला. आणि लिहिलं. सखाराम वल्द गोविंदा, धंदा शेती, उमेदवारास ओळखतात : जन्मापासून. मी नकार द्यायला हवा होता का? कागद फाडून टाकायला हवा होता? पुढं छत्तीस-सदतीस वर्षं कचेरीत बसून मी हा प्रश्न स्वतःला घातला आहे. फॉर्म भरणाऱ्या माणसाला रकाना असतो तेवढीच जागा असते. मी नंतर हजारो लोकांचे फॉर्म तपासले. कुणी दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात काही घुसडलेलं दिसलं की माझे वरिष्ठ म्हणायचे, असंबद्ध मजकूर आहे, काटा. मी काटायचो. काटताना तो वाचून घ्यायचो, एवढंच माझ्या हातात होतं.

फाल्गुनात मला नोकरीचा हुकूम आला. सावलीतली नोकरी, खरोखरची. माझ्या सेवापुस्तकावर नथ्थू, बदलीच्या हुकमांवर नथ्थू, आज पेन्शनच्या पुस्तकावरही नथ्थूच. दुरुस्तीचा अर्ज मी तीन वेळा केला. एकदा तो गहाळ झाला, एकदा पुरावा अपुरा म्हणून परत आला, आणि तिसऱ्या वेळी ज्या टेबलावर तो येऊन पडला त्या टेबलावर मीच बसलेलो होतो. स्वतःच्या अर्जावर मला निर्णय घेता येत नव्हता. मी तो वर पाठवला आणि तो वरच राहिला.

पण हुकूम यायच्या आधी, पौषातच, चौकशी झाली. ती मला सांगायची आहे, बाकी सगळं तिच्यासाठीच सांगत होतो.

ठाण्याचा जमादार दुपारी सायकलवरून आला. त्या दिवसांत आमच्या घरातल्या आतल्या खोलीत कापूस छातीपर्यंत भरलेला असायचा. बाजार चढेल म्हणून थांबलेला कापूस. उमेदवारानं समोर राहू नये असं जमादार म्हणाला, म्हणून मी आतल्या खोलीत गेलो आणि जागा नव्हती म्हणून कापसातच कमरेपर्यंत रुतून उभा राहिलो. दार लोटलेलं होतं. बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आधी बोलावून घेतलेल्या मावशीला विचारलं. ‘‘कोंडू तुमचा मुलगा?’’ ‘‘हाव जी, माहा,’’ मावशी म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. मग बाजेवर बसलेल्या जमादारासमोर दादा उभे राहिले. माय पाण्याचा तांब्या घेऊन चौकटीला टेकलेली. तिच्या बांगड्यांवरून मला ते कळत होतं.

‘‘कोंडू वल्द नथ्थू. पहचानता काय याला?’’

‘‘हाव जी.’’

‘‘किती साल?’’

‘‘जलमला तवापासून.’’

‘‘रिश्तेदार लागतो?’’

कापसाचा एक तंतू नाकात गेला होता आणि शिंक आली असती तर सगळंच संपलं असतं.

‘‘नाई जी,’’ दादा म्हणाले. ‘‘शेजारचा हाय.’’

‘‘चालचलन कसा आहे? काय माहीत असेल ते सांगा.’’

मला वाटलं दादा ‘बरा हाय’ म्हणून मोकळे होतील. माझ्याविषयी त्याहून अधिक ते कधी बोललेच नव्हते. पण विचारणारा सरकारचा माणूस होता आणि दादा परके होते. परक्या माणसाला खरं बोलायची मुभा असते.

‘‘खोटं बोलत नाई जी,’’ ते म्हणाले. ‘‘ढोरावर हात टाकत नाई. चार वर्सं दोन कोस पायी शायेत गेला पिंपळगावले, पायात काई नाई. एक डाव काटा रुतून पाय सुजला, तं माईले सांगतलं नाई, तिले घोर लागीन म्हनून. मी पाह्यलं. मी बोललो नाई काई, पन मी पाह्यलं. पयल्या खेपी मॅट्रिक नापास झाला तं तीन दिवस जेवला नाई, अन् चवथ्या दिवशी सोताच पुस्तक काढून बसला. कोनी म्हनलं नाई त्याले. गंगूचं जयतन-लाकडं फोडून देते, तिच्या घरी पानी भरते. विहिरीत बकरी पडली होती मागच्या साली, यानं उडी टाकली. असं पोरगं…’’ इथं ते खोकले. ‘‘असं पोरगं ज्याच्या घरी असन त्याचं नशीब चांगलं हाय, असं लिवा जी.’’

मायच्या हातातला तांब्या चौकटीला लागला.

मला तो काटा आठवत होता. दादांनी पाहिलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी कापसात उभा राहून रडलो, आवाज न करता, कारण आवाज झाला असता तर एका प्रतिष्ठित इसमाची साक्ष बाद झाली असती. मला दार उघडून बाहेर जाता येत नव्हतं. त्यांना दादा म्हणून हाक मारता येत नव्हती.

जमादारानं लिहिलं. लिहिलेलं त्यानं रीतीप्रमाणे वाचून दाखवलं, ‘‘चालचलन ठीक.’’ बस्स, दोन शब्द. दादांनी त्याखाली सही केली, ते सही सावकाश करायचे, प्रत्येक अक्षरावर थांबून.

सायकल वेशीबाहेर गेली तशी मी बाहेर आलो. अंगाला, डोक्याला कापूस चिकटलेला. दादांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘काऊन बे, घुसून काय बसला होता? तुडवला ना सारा कापूस,’’ ते म्हणाले, आणि दोर घेऊन गोठ्याकडे गेले.

त्यानंतर ते बावीस वर्षं जगले. माझं लग्न झालं, मला मुलं झाली, सटवाईचं भय कधीच सरलं. पण माझ्याविषयी चांगला शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि तो काढायला लावणारा सरकारी माणूसही आमच्या दारात पुन्हा आला नाही.